पाण्यातला कान

मी एक जुना माइक आहे. भाषणाचा नाही. भाषणाच्या माइकसमोर मोठमोठी माणसं उभी राहतात, त्यात फुंकर मारतात, "हॅलो हॅलो" करतात आणि मग तासभर खोटं बोलतात. माझ्या वाट्याला ते आलं नाही, बरंच झालं. मी पाण्यात सोडायचा माइक. बोटीच्या कडेवरून तीस हात खाली जायचं, अंधारात लोंबकळत राहायचं आणि खाली कोण काय बोलतंय ते वर पोचवायचं, एवढंच माझं काम. आता तेही उरलेलं नाही. एका स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी मी पडून असतो. माझी केबल वीतभर उरली आहे. मित्रांनो, मला अजून सगळं ऐकू येतं. फक्त ते कुणाला सांगता येत नाही. ऐकू येऊन सांगता न येणं म्हणजे काय, हे मी एका सकाळी शिकलो. त्या सकाळचीच ही गोष्ट.

पण आधी जन्माचं सांगतो.

माझा जन्म रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान कसलं, जिन्याखालची खोपटी. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. दुरुस्तीवाले काका कानावर पेन्सिल आणि ओठांत खिळे ठेवून बोलत. त्यांनी गजराच्या घड्याळातली एक पातळ चकती काढली, तिला दोन तारा जोडल्या, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन त्यात ती बसवली आणि ट्यूबमध्ये एरंडेल ओतून दोन्ही तोंडं घट्ट आवळली. हसू नका. एरंडेल तुम्हाला नको असतं, पण त्यातून पाण्यातला आवाज चकतीपर्यंत नीट पोचतो. तुमच्या पोटात ते गेलं तर तुम्ही घरभर पळता. माझ्या पोटात ते चौदा वर्षांहून जास्त आहे आणि माझी तक्रार नाही.

खाली शिशाचं वजन आलं, वर चाळीस हात केबल आली. केबलला ओढ बसू नये म्हणून तिच्याबरोबर एक नायलॉनची दोरी बांधली, हातभर अंतरावर एकेक गाठ मारून. मला बनवून घेणारा माणूस हे सगळं बाहेर पायरीवर उभा राहून बघत होता. तो एका पर्यटक बोटीचा तांडेल होता. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीचा कारभारी. सगळे त्याला आबा म्हणत.

"गाणीबिणी ऐकायची असतील तर टेप घे की," काका खिळे सांभाळत म्हणाले.

"गाणी नकोत. खाली काय आहे ते ऐकायचंय. वरून दिसत नाही."

"काय असणार खाली? पाणी."

आबा पायरीवरून आत वाकले. मग त्यांनी जे सांगितलं ते काकांनी ऐकलं आणि टेबलावर अर्धवट पडलेल्या मी ऐकलं. तिसऱ्या कुणीही नाही.

आदल्या मोसमात एके दिवशी देवमासे बघायला पर्यटकांना घेऊन आबा गेले होते. एक मादी आणि तिचं पिल्लू दिसलं. मादी बुडी मारून लांब निघाली. पर्यटक ओरडले, "तिकडे चला, तिकडे!" आबांनी बोट दामटली. आणि बोटीखाली धप्प झालं. एकदाच. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांची दहा वर्षांची लेक सुट्टी म्हणून बोटीवर होती. तिने विचारलं, "आबा, काय होतं ते?" आबा म्हणाले, "लाकडाचा ओंडका असेल." मागे पाण्यावर काय तरंगत होतं ते त्यांनी एकट्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

काकांनी ओठांतले खिळे काढून टेबलावर ठेवले. मग माझ्या ट्यूबला त्यांनी एकाच्या जागी दोन पकडी आवळल्या.

तो धप्प आवाज मी ऐकलेला नाही, मित्रांनो. माझा जन्मच त्या आवाजातून झाला आहे.

आबांनी बोटीवर एक नियम लावला. देवमासे जवळ असले की आधी इंजिन बंद. मग लेकीच्या वेणीची लाल रिबीन इंजिनच्या किल्लीला बांधायची. मग मला पाण्यात सोडायचं. रिबीन किल्लीला आहे म्हणजे माइक खाली आहे, म्हणजे इंजिनला हात लावायचा नाही. कारण मागे पंखा फिरायला लागला आणि माझी दोरी त्याच्याजवळ गेली, तर दोरी पात्यांना गुंडाळली जाणार आणि बोट तिथल्या तिथे आंधळी-पांगळी होणार. म्हणून दोरी कायम ताठ धरायची, सैल सोडायची नाही. ते काम लेकीचं. "काहीही झालं तरी सोडायचं नाही," आबा तिला शंभरदा सांगत. तिचे तळहात त्या दोरीने राठ झाले. दहा वर्षांची होती, चोवीस वर्षांची झाली. वेणी गेली, केस कापले गेले, रिबीन तेवढी राहिली. पर्यटक तिला ताई म्हणायला लागले. कुठल्या पक्ष्याच्या थव्याखाली मासे असतात, डॉल्फिन बोटीच्या पुढे का पोहतात, कासव श्वास घ्यायला कसं डोकं काढतं, हे ती हसत सांगायची.

माझेही दिवस चांगले गेले. मी खाली गेलो की आबा डेकवरच्या स्पीकरचं बटण फिरवत. पाण्यातून देवमाशांचं लांब, ओलं गाणं वर यायचं आणि चाळीस माणसं एकदम गप्प व्हायची. एकदा एक तापट साहेब, जो सकाळपासून खुर्च्या घाणेरड्या आहेत म्हणून भांडत होता, तो रुमालात तोंड घालून रडला. एका वर्तमानपत्रात माझा फोटो आला. त्यात मी छापला गेलो मुळ्याएवढा, पण आलो.

मग बोटीच्या मालकाने मोठा स्पीकर आणला. रंगीत दिवेवाला. माझं देवमाशांचं बोलणं "झोप येण्यासारखं" आहे असं त्याचं मत पडलं. लोक समुद्रावर नाचायला येतात म्हणे. माझा स्पीकर काढला आणि त्या जागी गाण्यांचा लागला. माझी रवानगी लाइफ जॅकेटांच्या पेटीत, बादली आणि फडक्यांच्या शेजारी. पण आबांनी मला सोडलं नाही. इंजिनाच्या धडधडीने त्यांचा डावा कान गेला होता. उजव्या कानात एक साधा इअरफोन घालून ते मला रोज पाण्यात सोडत राहिले. मालक हसायचा. "आबांचा स्टेथोस्कोप निघाला! काय आबा, समुद्राला ताप आहे का?" बाकीचेही हसायचे. मालक हसला की पगार घेणाऱ्यांना हसावंच लागतं. हसतात आणि मग घरी जाऊन बायकोला सांगतात की मालक किती हलकट आहे. धक्क्यावर त्याच्या तोंडावर सांगणारा एकही सापडला नाही, आणि यात मी आबांनाही धरतो.

आता ती सकाळ.

मोसम संपत आला होता. धक्क्यावरच्या फळ्यावर मालकाने पिवळ्या रंगात लिहून ठेवलं होतं: देवमासा दिसणारच! समुद्र त्याच्या तीर्थरूपांचा होता जणू. तीन दिवस एकाही बोटीला शेपटी दिसली नव्हती. त्या दिवशी एका मोठ्या कंपनीची चाळीस माणसं येणार होती, म्हणून मालक स्वतः बोटीवर चढला. पांढरे बूट घालून. पाण्यावर पांढरे बूट घालणारा माणूस ओळखून ठेवावा.

निघताना समुद्र सपाट होता, शिळ्या ताकासारखा. तासभरात डॉल्फिन दिसले, एक कासव दिसलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाच मिनिटांत कंटाळले. "देवमासा कधी?" "फळ्यावर लिहिलंय ना दिसणारच?" एक म्हाताऱ्या बाई मात्र, मोठी गवती टोपी हनुवटीखाली बांधलेल्या, कठड्याला टेकून पाण्याकडेच बघत होत्या. कुणाची तरी सासू म्हणून त्या आल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"पोरी," त्या ताईला म्हणाल्या, "तो धूर कसला गं?"

तो धूर नव्हता. पाव मैलावर पाण्याचा फवारा उडाला होता. त्याच्या शेजारी दुसरा, छोटा, केटलीच्या वाफेएवढा. मादी आणि पिल्लू. मादीची काळी पाठ वर आली, कलली आणि शांतपणे बुडाली. पिल्लू तिला चिकटून.

आबांनी बोट सावकाश नेली आणि बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं. किल्लीला रिबीन बांधली. ताईने मला कडेवरून खाली सोडलं. पाणी गार होतं. खाली गेलो आणि ऐकलं.

मित्रांनो, पिल्लू जवळ असलं की आई गात नाही. कुजबुजते. मोठ्या आवाजाने शिकारी येतात, म्हणून ती दोघं अगदी हळू बोलतात. पिल्लाचा आवाज असा: उंक. दार किलकिलं व्हावं तसा. आणि आईचं खालून उत्तर, पोटातून आल्यासारखं. उंक. हूं. उंक. हूं. चौदा वर्षांत मी खूप ऐकलं, पण यापुढे मोठी गाणी फिकी.

आबांनी डोळे मिटले होते. तेवढ्यात मालकाने मोबाइल काढला आणि सगळ्या जगाला सांगितलं, "लाइव्ह! आई आणि बेबी! आमच्याच बोटीवरून!"

झालं. त्याच्याशी चढाओढ करणाऱ्या आणखी चार बोटी त्याच पाण्यात होत्या. आधी मला त्यांची इंजिनं ऐकू आली. लांबून गुरगुर, मग घरघर, मग कानात खिळे ठोकल्यासारखं. चारही बाजूंनी. त्या आवाजात उंक बुडालं. हूं बुडालं. आईने दोनदा हाक दिली, मोठ्याने, शिकाऱ्यांची पर्वा न करता. मग तिचा आवाज लांब जात गेला. बोटी तिच्यामागे वळल्या होत्या. तिला वाटलं असणार की पिल्लू कुशीत आहे. ते नव्हतं.

ते आमच्याकडे आलं होतं. बंद पडलेली, गप्प, मोठी, काळी सावली समुद्रात एकच होती: आमच्या बोटीचं पोट. पिल्लाला ती आई वाटली. ते बोटीखाली शिरलं आणि माझ्या वर, बोटीच्या पोटाशी थांबलं. उंक, म्हणालं. उत्तर आलं नाही. उंक.

आबांनी डोळे उघडले. "पिल्लू खाली आहे. आपल्याखाली."

"आई तिकडे निघाली!" पाहुण्यांतून आरोळ्या उठल्या. तीनशे हातांवर मादीची शेपटी वर आली, पाणी गाळत उभी राहिली आणि आपटली. इतर बोटी तिच्याकडे धावत होत्या. चाळीस मोबाइल वर गेले.

"आबा, चला," मालक म्हणाला. "लवकर. ते बघा, सगळे पोचले."

"मालक, पिल्लू बोटीखाली आहे."

"कुठाय? दाखवा."

"दिसत नाही. ऐकू येतंय."

"हॅ!" मालक पाहुण्यांकडे वळून हसला. "आमच्या आबांना बाहेरचं ऐकू येत नाही, आतलं येतं." काही जण हसले. "चला, आबा. इंजिन लावा."

"दोन मिनिटं द्या. पिल्लाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. चार मिनिटांच्या वर नाही राहत ते खाली. दोन गेलीत. दोनच मिनिटं, मालक."

दोन मिनिटं! चहा निवायला याहून जास्त वेळ लागतो. पण घाई करणाऱ्याकडे दोन मिनिटं मागणं म्हणजे त्याची किडनी मागणं. मालकाच्या कपाळाची शीर वर आली. पाहुण्यांतला एक गृहस्थ म्हणाला, "दुसऱ्या बोटीत बसायला हवं होतं." ते वाक्य मालकाला जिथे लागायचं तिथे लागलं.

"बाजूला हो," तो म्हणाला. इतकी वर्षं अहोजाहो होतं, ते त्या क्षणी गेलं. "किल्ली दे."

आबांनी रिबीन बांधलेली किल्ली काढून मुठीत धरली. "देणार नाही."

आणि इथे आमची चूक उघडी पडली, मित्रांनो. माझी, आबांची, सगळ्यांची. चौदा वर्षं आम्ही एका रिबिनीवर विश्वास ठेवला. रिबीन एका किल्लीला होती. बोटीला किल्ल्या दोन होत्या. दुसरी मालकाच्या खिशात होती, त्याच्या मोटारीच्या किल्लीबरोबर एकाच कडीत. आबांना हे माहीत होतं, ताईला माहीत होतं. पण मालक कधी बोटीवर चढतच नसे, म्हणून कुणी कधी विचार केला नाही. नियम गरिबाच्या किल्लीला बांधले जातात. दुसऱ्या किल्लीला रिबीन नसते.

मालकाने खिशातून ती काढली, खोबणीत घातली आणि फिरवली.

इंजिन खोकलं. धडधडलं. माझ्या वर पिल्लू दचकलं आणि बोटीच्या पोटाला आणखी चिकटलं. पंखा अजून फिरत नव्हता, गिअर पडायचा होता. आबांनी दोन्ही हातांनी गिअरचा दांडा धरून ठेवला. मालक त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी तरणा. त्याने आबांची बोटं एकेक करून सोडवायला सुरुवात केली.

"काय करताय? वडीलमाणूस आहे तो!" टोपीवाल्या बाई ओरडल्या. बाकी कुणी जागचं हललं नाही. त्यातले दोन तर त्याचंच शूटिंग करत होते.

"ताई!" आबांनी हाक मारली. लेकीला ते ताई कधी म्हणत नसत. मागे कठड्याशी ती माझी दोरी ताठ धरून उभी होती, चौदा वर्षं शिकवल्यासारखी. "सोड!"

तिला कळेना. "आबा?"

"दोरी सोड! पंख्याखाली जाऊ दे!"

"आबा, माइक जाईल! पंखा अडकला तर बोट—"

"पोरी, तो ओंडका नव्हता!"

एवढंच. चाळीस माणसांना काहीच कळलं नाही. ताईचा चेहरा मला दिसत नव्हता, मी तीस हात खाली होतो. पण दोरी एक क्षण आणखी ताठ झाली. दहा वर्षांच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चौदा वर्षांनी आलं होतं. तिने डेकवर उरलेलं दोरीचं वेटोळं पंख्यावर फेकलं आणि हात मोकळे केले.

त्याच वेळी आबांचं शेवटचं बोट सुटलं. गिअर पडला.

पंखा फिरला. एक फेरा, दोन फेरे. सैल दोरी पाण्यात सापासारखी ओढली गेली आणि तिच्या टोकाला मी. खालून वर, वेगाने, पात्यांच्या दिशेने. मी भ्यालो. यंत्राने भिऊ नये असं म्हणतात, म्हणोत. दोरी पात्यांवर गुंडाळली, पुन्हा गुंडाळली, गाठींवर गाठी बसल्या. घर्र. खर्र. एक पातं माझ्या केबलवरून गेलं आणि ती कापली गेली. मग ठक्क. इंजिन मेलं.

मी पंख्याखाली लोंबकळत होतो. ट्यूबवर एक ओरखडा, बाकी शाबूत. चकती शाबूत, एरंडेल शाबूत. ऐकू येत होतं. पण केबल तुटलेली, म्हणजे वर काही जाणार नव्हतं.

वर आबांच्या कानात नुसती शांतता.

"कुठाय तुझं पिल्लू?" मालक किंचाळत होता. "बोट बंद पाडलीस! दाखव! कुठाय?"

आबा घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटं झाली. पाणी सपाट. पाच झाली. काही नाही. आबांनी इअरफोन झटकला, पुन्हा घातला, दाबून धरला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकतो, कारण त्या एकाच विचारातून मी जन्मलो. दोन फेरे फिरला होता पंखा. दोन फेरे पुरेसे असतात. धप्प ऐकू आलं नाही, पण त्यांना आता ऐकू तरी किती येत होतं?

आणि पिल्लू जिवंत होतं! पंख्यापासून लांब, बोटीच्या नाकाखाली दडून, भेदरून श्वास धरून बसलं होतं. उंक, म्हणत होतं. मी ते स्पष्ट ऐकत होतो. आबा, ते आहे! आबा, ते नीट आहे! माझ्या तारेचं टोक पाण्यात मोकळं हलत होतं आणि माझा आवाज समुद्रात सांडत होता. मित्रांनो, तुमच्यातल्या कुणाला असं झालं असेल तर तुम्हालाच कळेल.

सहा मिनिटं. आबा खाली बसले. कठड्याला डोकं टेकवलं.

"अगं बाई," टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "हे काय?"

बोटीच्या शिडीच्या अगदी जवळ पाणी फुगलं, फुटलं आणि फुस्स करून एक छोटा फवारा त्यांच्या टोपीवर, चष्म्यावर, तोंडावर उडाला. सडक्या मासळीचा वास आला. त्या मागे सरल्या नाहीत. "श्वास घेतंय," त्या म्हणाल्या. "अहो, तांडेल, उठा. तुमचं बाळ श्वास घेतंय."

आबा उठले नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून पाण्याकडे हात लांबवला.

उठली ती ताई. तिने वायरलेस उचलला. "सगळ्या बोटींना सांगते. पिल्लू आमच्याजवळ आहे. आईला ते ऐकू येत नाहीये. इंजिनं बंद करा."

खरखर. मग एक आवाज, "कोण? आबांची लेक ना? अगं, आत्ताच तर तिच्याजवळ पोचलोय आम्ही."

"काका, तुमची नात आहे ना दीड वर्षाची? बाजारात हरवली तर तुम्ही बँड वाजवत शोधाल का? बंद करा."

मग पाण्यात एक इंजिन थांबलं. मग दुसरं. मी मोजत होतो. तिसरं थांबायला वेळ लागला. वायरलेसवर कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली, मग थांबलं. चौथं एकटंच धडधडत राहिलं, हट्टी माणसासारखं. आणि मग तेही.

समुद्र गप्प झाला. मोसमात पहिल्यांदाच.

उंक, पिल्लू म्हणालं.

लांबून, खालून, खूप खालून आलं: हूं.

हे वर कुणालाच ऐकू गेलं नाही. ऐकणारा मी एकटा. म्हणून सांगतो आहे, कुणीतरी सांगायला हवं. उंक. हूं. उंक. हूं. प्रत्येक वेळी थोडं जवळ. मग माझ्याखालून एक एवढं मोठं काहीतरी सरकलं की सगळं पाणीच सरकल्यासारखं वाटलं. बोट कललीसुद्धा नाही, इतक्या हळू ती आली. पिल्लू बोटीचं पोट सोडून आईच्या पोटाला लागलं. वर आलं ते तिच्या पाठीवर अर्धं चढून. दोन फवारे उडाले, एक मोठा, एक केटलीचा. मग ती दोघं गेली.

ताईने नंतर दातांत सुरी धरून बुडी मारली, दोरी कापली आणि मला मुठीत घेऊन वर आली. पंखा काही सुटला नाही. आमची बोट दुसऱ्या बोटीने ओढत धक्क्याला आणली. मालक वाटभर नाकासमोर बघत पांढऱ्या बुटांत उभा होता. ओढणाऱ्या बोटीवरून कुणीतरी विचारलं, "काय मालक, आज बैलगाडी का?" तर त्याला तेही ऐकू आलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, मालकाला पश्चात्ताप झाला असेल. गोष्टीत होतो. खरं सांगतो: टोपीवाल्या बाईंच्या अंगावर फवारा उडतानाचा फोटो त्याने पाहुण्यांकडून मागून घेतला आणि धक्क्यावर फळ्याएवढा मोठा करून लावला. खाली लिहिलं, इतक्या जवळून फक्त आमच्याच बोटीवर! आणि बोट मुद्दाम बिघडवली म्हणून आबांना त्याच संध्याकाळी काढून टाकलं. त्या फोटोत कोपऱ्यात आबांचा पाय दिसतो. तेवढाच त्यांचा सत्कार.

ताईनेही नोकरी सोडली. मला दुरुस्त करायला ती जिन्याखालच्या दुकानात गेली, तर काकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. "याला विश्रांती दे," म्हणाले, "नवा करतो." नवा माझ्यापेक्षा चांगला आहे. मत्सर वाटतो, पण चांगला आहे. ताई आता वायरलेसवर बोललेल्या त्या नातवाल्या काकांबरोबर भागीदारीत एक छोटी बोट चालवते. आठ माणसं बसतात. तिच्या फळ्यावर लिहिलं आहे, देवमासा दिसेलच असं नाही. आणि रोज आठ माणसं येतातच असंही नाही. कधी तीन येतात, कधी बोट धक्क्यालाच राहते.

आबांचा उजवा कानही आता गेला. संध्याकाळी ते खिडकीशी बसतात, सवयीने मला उचलून कानाला लावतात आणि ठेवून देतात. ताई घरी आली की विचारतात, "आज काय ऐकलंस?" ती त्यांच्या कानाला तोंड लावते आणि हळूच म्हणते, "उंक." ते मान डोलावतात. कधी कधी हसतात. कधी खिडकीबाहेर बघत बसतात, आणि तेव्हा ते कुठल्या पिल्लाचा विचार करतात ते मला माहीत आहे. एक वाचलं म्हणून दुसरं परत येत नाही.

मित्रांनो, मला पुसूनबिसून कपाटात ठेवा असं मी म्हणणार नाही. मिठाच्या बरणीशेजारी मी बरा आहे. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातात काहीतरी चालू करायची किल्ली येईल. बोटीची येईल, मोटारीची येईल, कारखान्याची येईल. सगळे ओरडत असतील, चला, चला. तेव्हा दोन मिनिटं थांबा आणि खाली कोण आहे ते ऐका. दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका. आणि तुमच्याकडून धप्प झालंच, तर त्याला ओंडका म्हणू नका.

ताईची बोट घेतली तेव्हा तिच्याबरोबर दोन किल्ल्या मिळाल्या होत्या. पहिल्याच दिवशी धक्क्यापासून लांब गेल्यावर तिने एक काढली, क्षणभर हातात धरली आणि समुद्रात टाकून दिली. दुसरीला रिबीन आहे.